रुसलेल्याची बदली नाही

अमरावती
१७ नोव्हेंबर २०२५

सप्रेम जय भीम.

अक्षर ओळखाल, म्हणून पाकिटामागे नाव घातलं नाही. फाडण्याआधी एवढं वाचा की हे माझं काम नाही. बार्शीटाकळीच्या नवतरुण फुटबॉल क्लबचं काम आहे आणि मोतीरामकाकांनी ते माझ्या गळ्यात घातलं आहे. फोन करता आला असता, पण आपले फोन तुम्हाला ठाऊक आहेत. तुम्ही "बोल" म्हणता, मी "तुम्हीच बोला" म्हणते, आणि मग दोघंही एकमेकांचा पंखा ऐकत बसतो. त्यापेक्षा कागद बरा, मध्ये तोंड घालत नाही. पत्ता तुमच्या अंकुरकडून घेतला. पुतण्यावर चिडू नका, त्याला मी दमच तसा दिला होता.

काल दर्यापूरला गेले होते. हो, अजून जाते. आठवडाभर लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासायचं आणि रविवारी एसटीने जिथे सामना असेल तिथे. परतवाडा, अंजनगाव, मूर्तिजापूर, पातूर. तुम्ही कोल्हापूरला गेल्यावर ही बाई घरी बसेल असं सगळ्यांना वाटलं होतं, तुम्हालाही वाटलं असेल. पहिल्यांदा एकटी गेले तेव्हा आयोजकांनी मला बचत गटाची मॅडम समजून स्टेजवर बसवलं. आता कुणी बसवत नाही. आता विचारतात, "तुमी कोनाच्या, बाई?"

या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं, कारण त्यावर जेवण ठरतं. खेळ संपला की पाहुणी टीम आणि तिचे लोक यजमानांच्या घराघरांत वाटले जातात. या घरी दोन, त्या घरी तीन. यजमान गावाच्या माणसाला कोण वाढणार? म्हणून मी जाईन तिथे पाहुण्या टीमची असते. तुम्ही म्हणायचे ना, हिच्या निष्ठेचा रस्ता पोटातून जातो. म्हणा.

तर काल दर्यापूरला पाहुणी टीम नेमकी आपली होती, नवतरुण. मोतीरामकाका सत्तरी ओलांडून गेले तरी शिट्टी अजून गळ्यात. मध्यंतरात माझ्याजवळ येऊन बसले.

"बाई, थो आपला अर्धा सामना राह्यला न, त्याचा निकाल लावाचा आहे. शील्ड माह्या घरी कपाटावर धूळ खाऊन राह्यलं. त्यावर कोनाचंच नाव नाई. माह्या डोळ्यादेखत लागून जाऊ द्या."

सन २०२० चा तो फायनल तुम्ही विसरला नसाल. होळीच्या आदल्या दिवशी, तेल्हाऱ्याविरुद्ध, दोन-दोन. प्रमुख पाहुणे उशिरा आले, भाषण लांबलं, वीस मिनिटं उरलेली असताना चेंडू दिसेनासा झाला आणि काकांनी शिट्टी वाजवली. "पुढच्या रविवारी उरलेला." पुढच्या रविवारी गर्दी करायलाच बंदी आली. त्यानंतर काय काय झालं ते आपण दोघांनी पाहिलं.

आता २६ जानेवारीला उरलेली वीस मिनिटं खेळायची असं ठरलं आहे. काकांच्या शील्डचा नियम तुम्हाला पाठ आहे, तरी त्यांनी लिहायला सांगितलं म्हणून लिहिते. उजेड गेल्याने थांबलेला सामना तेच खेळाडू, त्याच जागा आणि तोच स्कोअर घेऊन पुढे चालतो. कुणी वारलं असेल तर त्याच्या घरचं माणूस त्याच्या जागी उतरतं. दुसरं कोणतंही कारण चालत नाही, नोकरी नाही, लग्न नाही, बदलीचं गाव नाही.

"मेलेल्याची बदली चालते बाई, रुसलेल्याची नाई," काका म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले, एवढी त्यांची सभ्यता.

गोलकीपर तुम्ही होता. यायचं की नाही ते काकांना कळवा. मला नाही कळवलं तरी चालेल.

रश्मी

अमरावती
८ डिसेंबर २०२५

सप्रेम जय भीम.

पत्र परत आलं नाही, म्हणजे पत्ता बरोबर आहे. काकांनी तुम्हाला फोन केला आणि तुम्ही "पाहतो" म्हणालात, हेही कळलं. काका खूश झाले. त्यांना तुमचं "पाहतो" ठाऊक नाही. किचनच्या नळाबद्दल तुम्ही "पाहतो" म्हणाला होता, तो मी शेवटी अकोल्याचं घर सोडताना दुरुस्त केला.

काल तेल्हाऱ्याला गेले होते. ती टीम तयार आहे का ते विचारायला काकांबरोबर कुणी जायला नव्हतं, म्हणून मी. खोटं कशाला बोलू, मला जायचंच होतं. कापूस वेचणीचे दिवस, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या भरणं चाललेलं. आपण स्कूटरवरून जायचो तेव्हा तुम्ही कापसाच्या ट्रकमागे जाणूनबुजून रेंगाळायचे आणि माझ्या केसांत कापूस अडकला की हसायचे. काल एसटीच्या खिडकीत बसले होते. केसांत काहीच अडकलं नाही.

त्यांचा कॅप्टन नितेश आता खतांचं दुकान चालवतो. पोट सुटलं आहे. म्हणाला, "वहिनी, आमचे अकराच्या अकरा जितेजागते आहेत. एक सुरतेहून येऊन राह्यला, एकाचा गुडघा गेला तरी थो लंगडत उतरतो म्हंते. तुमचा गोली येते का?"

मी म्हटलं, "पाहतो म्हणाले."

"मंग नाई येत," नितेश म्हणाला. बघा, तेल्हाऱ्याच्या माणसालाही कळलं.

त्याच्या घरी जेवले. वांग्याची भाजी होती आणि नको नको म्हणताना मला देठ दिसले. तुम्ही कोणत्याही सामन्यावरून आलात की वांग्याचे देठ ताटात मांडायचे. हे बॅक, हा सेंटर, हा मी. मग बोटाने वरणाचा थेंब सरकवून चेंडू कुठून आला ते दाखवायचे. लग्नानंतर पहिल्या महिन्यात मला वाटलं माणसाचं डोकं फिरलं आहे. फुटबॉलमधलं जे काही मला कळतं ते सगळं त्या ताटात शिकले. काल नितेशच्या बायकोने माझं ताट उचललं तेव्हा देठ तसेच विस्कटलेले होते. मला मांडता येत नाहीत असं नाही.

तुम्ही चांगले गोली होता. एक खोड सोडून. तुमचे पाय गोलाच्या रेषेला शिवलेले असायचे. समोरून माणूस एकटा चेंडू घेऊन येतोय, चार पावलं पुढे आलं तर चेंडू हातात, पण तुम्ही आपले रेषेवर. मी गोलाच्या मागे उभी राहून ओरडायची, "सुगत, बाहेर निंघ! निंघ न रे!" घरी अहो आणि मैदानावर एकेरी. तुमच्या आईंना ते मुळीच आवडायचं नाही. तुम्ही एकदा म्हणाला होता की तुला मैदानावर नेतो ते याच्याचसाठी. तेव्हा मी लाजले होते. आज लिहिताना लाज वाटत नाही.

कोल्हापुरात म्हणे सामन्याला गॅलऱ्या भरतात. जाता का? कुणाशेजारी बसता?

हे उत्तरासाठी विचारलेलं नाही.

रश्मी

अमरावती
३० डिसेंबर २०२५

सप्रेम जय भीम.

आज रागात लिहिते आहे, तेव्हा अक्षर लागलं नाही तर दोनदा वाचा.

रविवारी नवतरुणची सगळी मंडळी काकांच्या ओट्यावर जमली होती. धर्मपालदादा दुसऱ्या लाटेत गेले हे तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या जागी बॅकला त्यांची खुशी उतरणार आहे. आठवते? सामन्याला यायची तेव्हा दादांच्या बॅगेवर बसून सगळा वेळ चिवडा खायची. आता अमरावतीला कॉलेजात शिकते, कॉलेजच्या टीममध्ये खेळते आणि बापासारखीच पायात पाय घालते. तेल्हाऱ्याच्या एकाने फोनवर "पोरीले उतरवता का" म्हणून कुरकुर केली तर काका म्हणाले, "नियमात घरचं मानूस म्हटलं आहे. पोरगा म्हटलं नाई." विषय संपला.

मग तुमचा विषय निघाला. तुम्ही नाही आलात तर गोल रिकामा ठेवावा लागणार. दुसऱ्या कुणी चेंडूला हात लावायचा नाही. वीस मिनिटं रिकाम्या गोलापुढे दहा जणांनी खेळायचं म्हणजे शील्ड तेल्हाऱ्याला ताटात वाढून देणं.

तेव्हा एक जण म्हणाला. नाव सांगत नाही, तुम्ही त्याच्याशी बोलणं सोडाल. म्हणाला, "वहिनी, नियमात पळवाट आहे न. त्या दिवशी माइकवरून विचारतेत, अमुक खेळाडू हयात आहे का. घरच्यानं नाई म्हटलं की झालं. तुमी नाई म्हना, आन तुमीच गोलात उभ्या राहा. तुमाले त्याच्याहून जास्त समजते. तसंही थो कुठी येऊन राह्यला. आपल्यासाठी गेल्यासारखाच आहे."

सगळे हसले. मस्करीतच बोलला होता तो, पण हसून झाल्यावर कुणी विषय बदलला नाही. सगळे माझ्याकडे बघू लागले. काकासुद्धा.

मी पायात चपला घातल्या आणि उठले. म्हटलं, "माझ्या तोंडून ते निघणार नाही. शील्डसाठी नाही आणि कशासाठीच नाही. पुन्हा कुणी बोललं तर मी तेल्हाऱ्याच्या बाजूला जाऊन बसेन." अमरावतीपर्यंत एसटीत उभी होते, जागा असून.

आता दुसरी गोष्ट, जी दोन पत्रांत लिहिली नाही. आई गेली. श्रावणात. अंथरुणातून ती तशीही उठत नव्हती, पण जाताना त्रास झाला नाही. अंकुरला मी शपथ घातली होती म्हणून तो बोलला नाही. तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही आला असता, हे मला पक्कं माहीत आहे. रीतीने वागला असता, खांदा दिला असता आणि दोन दिवसांनी महाराष्ट्र एक्सप्रेस पकडून गेला असता. मला तुम्ही तिच्यासाठी आलेले नको होतात.

अकोल्याची दालमिल बंद पडली, तुम्हाला कोल्हापूरच्या फाउंड्रीत काम मिळालं, तुम्ही म्हणालात चल, मी म्हणाले आईला टाकून कशी येऊ. दोघांचंही बरोबर होतं. म्हणून तर भांडण मिटलं नाही. चुकीचं कुणी असतं तर कुणीतरी माफी मागितली असती. चार वर्षं मी माझ्या आईच्या पलंगाआड उभी राहून तुम्हाला उत्तर देत होते. आता पलंग रिकामा आहे आणि मला सांगायला कारण उरलेलं नाही, म्हणून स्पष्टच लिहिते. तुमची आठवण येते. रोज येते, रविवारी फार येते.

या.

रश्मी

बार्शीटाकळी
१८ जानेवारी २०२६

सुगत,

अहोजाहो करायचंच आहे, पण मायना एकेरी लिहिला आहे, कारण मी मैदानावर बसून लिहिते आहे.

खुशीबरोबर आले. ती आणि पोरं रस्त्याच्या बाजूला सराव करताहेत. यंदा कमिटीने मैदानावर रोलर फिरवला, तरी काळ्या मातीच्या भेगा राहिल्याच आहेत. गोलाचे बांबू नवे आहेत. जाळी नाही, ती कधीच नव्हती. सोयाबीनचं कुटार कुणीतरी कोपऱ्यात टाकलं आहे, त्यावर गाई उभ्या आहेत. तुमच्या गॅलऱ्या तुम्हाला लखलाभ.

मघाशी पलीकडच्या गोलात कुणी नव्हतं म्हणून मी जाऊन उभी राहिले. तुमच्या जागी. इतकी वर्षं त्या बांबूंच्या मागे उभं राहून ओरडले, पुढे कधी गेले नव्हते. मागून तो गोल लहानसा दिसायचा, माणूस हात पसरेल आणि भरून जाईल एवढा. आत उभं राहिल्यावर कळतं. दोन्ही हात पसरले तरी दोन्हीकडे मैदान उरतं. आणि समोर सगळे पाठमोरे. दहा माणसं आपलीच, पण एकाचंही तोंड दिसत नाही. मी मागून म्हणायची बाहेर निंघ, बाहेर निंघ. बाहेर निघायला काय लागतं ते मला आज समजलं.

तेवढ्यात खुशीने मुद्दाम लांबून चेंडू मारला. मी एक पाऊल पुढे टाकलं नाही. चेंडू पायाजवळून आत गेला आणि गाईंपर्यंत पोचला. पोट्टे हसले. मी म्हटलं, हसा लेकांनो.

काकांनी तुम्हाला पुन्हा फोन केला होता. तुम्ही पुन्हा "पाहतो" म्हणालात. पण या वेळी म्हणे आधी विचारलंत, मैदान तेच आहे का. काकांनी मला हे तीनदा सांगितलं. मीही त्यांच्याकडून तीनदा ऐकून घेतलं.

सामना दुपारी चारला आहे. झेंडावंदनाच्या दिवशीही पाहुणे उशिरा येतील, तेव्हा गाडी उशिरा पोचली तरी घाबरू नका. मी नेहमीच्या जागी असेन.

रश्मी

अमरावती
२७ जानेवारी २०२६

सामन्याचा वृत्तांत कळवते, कारण काकांनी सांगितलं आहे. हे माझं शेवटचं पत्र.

दोन्ही गावांची गर्दी होती. तेल्हाऱ्याचे लोक दोन टेम्पो भरून आले होते आणि रस्त्याच्या कडेला, टेम्पोंच्या आडोशाला उभे होते. माझ्या गोलापासून तिथली तोंडं ओळखू येत नव्हती, मी ओळखायचा प्रयत्नही केला नाही. माझं लक्ष अकोल्याकडून येणाऱ्या एसटीवर होतं. एक आली, तुम्ही नव्हता. दुसरी आली, शाळेची पोरं उतरली.

काकांनी माइकवरून एकेक नाव पुकारलं. ज्याचं नाव तो रेषेवर जाऊन उभा. "धर्मपाल वानखडे. हयात नाहीत. त्यांच्या जागी त्यांची मुलगी खुशी." लोकांनी टाळ्या वाजवल्या, खुशीने त्या अंगाला लावून घेतल्या नाहीत. सगळ्यात शेवटी, "गोलकीपर सुगत सिरसाट." कुणी नाही. काका थांबले. पुन्हा पुकारलं. मग म्हणाले, "सुगत सिरसाट हयात आहेत का? घरचं कोनी असंन तर माइकवर यावं."

मी गेले. इतक्या माणसांपुढे मी आयुष्यात बोलले नाही. नवतरुणची सगळी टीम माझ्याकडे बघत होती आणि मला माहीत होतं त्यांना काय ऐकायचं आहे. खुशीलासुद्धा. तिला बापाच्या नावाने शील्ड हवं होतं, आणि ते माझ्या एका शब्दावर होतं.

मी म्हटलं, "आहेत. चांगले धडधाकट आहेत. रुसले आहेत."

दोन्हीकडचे लोक मोठ्याने हसले. मला रडू आलं, पण माइक हातात होता म्हणून आवरलं. काका म्हणाले, "मंग जागा रिकामी राहीन." पंचाने शिट्टी वाजवली.

पहिली पाच-सात मिनिटं तेल्हाऱ्याला काय करावं तेच कळेना. रिकाम्या गोलात मारायला त्यांना जड जात होतं. सुरतेहून आलेल्याच्या पायात चेंडू आला, समोर काही नाही, आणि त्याने बाजूला पास दिला. मग त्यांचे लोक ओरडायला लागले आणि ते खेळायला लागले. खुशी काय खेळली! दोनदा तिने रेषेवरून चेंडू डोक्याने काढला. एकदा तर माझ्या पुढ्यात येऊन आदळली, कोपर सोलून निघालं, उठली आणि गेली. मला वाटलं तरून जातंय. शेवटाकडे नितेशला चेंडू मिळाला. पोट सावरत आला आणि हळूच, मान खाली घालून आत ढकलला. तीन-दोन. कुणी उड्या मारल्या नाहीत.

शील्डवर तेल्हाऱ्याचं नाव पडलं. नितेश माझ्याजवळ येऊन म्हणाला, "माफ करजा वहिनी." नवतरुणची बाकीची मंडळी बॅगा उचलून माझ्या बाजूने निघून गेली. मोतीरामकाका म्हणाले, "बाई, तुमी खरं बोलल्या. शील्डचं काय, पुढच्या सालीबी असते." खुशीच्या कोपरावर मी पट्टी बांधली. ती म्हणाली, "काकू, मी असती तर मीबी हेच म्हटलं असतं." मग पट्टीकडे बघत म्हणाली, "पन मले म्हनता नाई आलं असतं." तिच्या आईने, शकुनवहिनींनी, जेवायला बोलावलं. मी शेवटची गाडी सांगून निघाले. जेवण जाणार नव्हतं.

तुम्ही हरलात. एवढंच कळवायचं होतं. आता कुणी विचारलं, कोनाच्या, तर काय सांगायचं ते मी माझं ठरवीन.

रश्मी

अमरावती
२ फेब्रुवारी २०२६

सुगत,

मागचं पत्र शेवटचं म्हटलं होतं. ते मोडते आहे.

काल खुशीचं कोपर बघायला बार्शीटाकळीला गेले. शकुनवहिनींकडे चहा घेत होते. शेजारच्या इंदूबाई आल्या. त्या दोन वर्षांखाली अकोटाहून इथे राहायला आल्या, सामन्यांना कधी जात नाहीत, त्यांना ना तू ठाऊक ना मी. पण २६ तारखेला त्यांच्याही घरी पाहुणा वाटून दिला होता, त्याचंच त्या वहिनींना सांगत होत्या.

"आमच्याकडे तेल्हाऱ्याचा एकच आला होता. मी म्हटलं बाकीचे कुठी? तर म्हने मी एकटाच. रोडगे खाल्ले गपचूप. आन भाजीतले वांग्याचे देठ काहाडून ताटात मांडून ठेवले, लहान लेकरं मांडतेत तसे. मी म्हटलं, कावून भाऊ, भाजी जमली नाई का? तर म्हने, भल्ली जमली. पन एक देठ कमी पडून राह्यला."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय, मले वाटलं भूक राह्यली बिचाऱ्याची, आनखी दोन वांगे वाढले. तर ते दोन खाल्ले, पन देठ मांडलाच नाई. हातात धरून बसला. मी म्हटलं, घरच्या नाई आल्या का संग? तर म्हने, आली आहे. तिकडं गोलामागं उभी होती, तिकडच्या टीमची आहे."

शकुनवहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि पोळ्या करायला म्हणून आत निघून गेल्या. पोळ्या तर आधीच झालेल्या होत्या. मी इंदूबाईंना आणखी विचारत राहिले. कसा दिसत होता, दाढी होती का, खोकत होता का, अंगात स्वेटर होता का. त्या म्हणाल्या, दाढी होती, पांढरी व्हायला लागली आहे. म्हणाल्या, जवळ पिशवी होती आणि तिची चेन नीट लागत नव्हती, आत खेळाचे बूट होते. नवे, लेबल न काढलेले. "मी म्हटलं भाऊ खेळले का तुमी? तर म्हने, नाई जमलं."

इंदूबाईंना वाटलं मला बरं नाही. त्यांनी पाणी आणून दिलं.

तू आला होतास. बूट घेऊन आला होतास. मी एसट्या मोजत होते आणि तू आधीच पोचून टेम्पोंपाशी उभा होतास. तुझं नाव दोनदा पुकारलं ते तू ऐकलंस. मी माइकवर गेले तेही पाहिलंस. मी जे म्हणाले ते ऐकलंस, आणि सगळे हसले तेव्हा तूही त्यांच्यातच होतास. खुशीने रेषेवरून चेंडू काढला तेव्हा तुझे पाय हलले असतील, मला माहीत आहे. चुन्याची एक रेघ ओलांडायची होती.

काहून ओलांडली नाहीस ते मी विचारत नाही. रात्रभर मला राग आला, मग सकाळी डबा भरताना हसू आलं, मग लॅबमध्ये एका म्हाताऱ्याचं रक्त घेताना डोळ्यांत पाणी आलं आणि तो म्हणाला, बाई, सुई मले टोचली, तुमी कावून रडता. गोलात उभं राहून पाहिलं नसतं तर मी तुला आज फार वाईट बोलले असते. पण पाहिलं आहे. तिथून सगळे पाठमोरेच दिसतात. फक्त मी पाठमोरी नव्हते रे. मी तुझ्या मागे होते, म्हणून तुला दिसत नव्हते.

तेल्हाऱ्याचा म्हणून जेवलास. त्यांच्या विजयाचे रोडगे खाल्लेस. हे मी आयुष्यभर ऐकवणार आहे, त्याची तयारी ठेव.

सामना संपला. हरलो. शील्ड गेलं. उरलेली वीस मिनिटं आता कुणाकडे उरली नाहीत, त्यामुळे तुला खेळायला कुणी बोलावणार नाही आणि मीही बोलावत नाही. पण येत्या रविवारी पातूरला सामना आहे. अंजनगावची टीम येणार आहे. मी अंजनगावची असेन. तू पातूरचा हो, अंजनगावचा हो, नाहीतर कोणाचाच होऊ नकोस. नवे बूट घरी ठेवून चपला घालून ये. मैदानाच्या बाहेरच बसायचं आहे. आणि कुणी विचारलं की कोनाचे, तर माझ्याकडे बोट दाखव. जेवण माझ्या ताटातलं मिळेल. देठ मी मांडेन.

त्याच जागी आहे मी, गोलाच्या मागे. जेवढं जोरात ओरडता येईल तेवढं ओरडते आहे.

सुगत, बाहेर निंघ. निंघ न रे.

रश्मी